एक्स्चेंजमधून आलेली ताई

"मी पुन्हा म्हणते, चुकलं तर सांगा."

समोरच्याचं वाक्य संपलं की तिचं हे वाक्य सुरू व्हायचं. तुम्ही तिला नुसतं "जरा पाणी दे" म्हटलंत, तरी ती तुमच्या तोंडाकडे बघत, एक भुवई किंचित वर करून म्हणायची, "मी पुन्हा म्हणते, चुकलं तर सांगा. पाणी हवंय." तुम्ही मान डोलावल्याशिवाय ती जागची हलायची नाही. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. पहिला आठवडा आम्ही तिची नक्कल करून पोट धरून हसलो. दुसऱ्या आठवड्यात मेसमध्ये भात मागतानाही आमच्या तोंडी तेच वाक्य यायला लागलं.

आमचं नर्सिंग स्कूल पुण्यातल्या एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचं. समोर हॉस्पिटल, मागे हॉस्टेल, मध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बारावी होऊन आले होते. ताई तेहतीस वर्षांची. तिचं घर कसबा पेठेत, तांबट आळीत, म्हणजे हॉस्टेलपासून चालत वीस मिनिटांवर. पण कोर्सच्या मुलींनी हॉस्टेलवरच राहायचं असा नियम होता, आणि तेहतिशीतली असली तरी ताई कोर्सची मुलगीच होती. ती माझ्या खोलीत आली.

आमच्या ट्यूटर बाई तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी वर्गात ताई शिरली तेव्हा आम्ही सगळ्या उभ्या राहिलो आणि एका सुरात "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणालो. ताईने मागे वळून बघितलं. मागे खऱ्या मॅडम उभ्या होत्या. ताई शांतपणे बाजूला झाली आणि म्हणाली, "आपला फोन आहे."

त्याआधी बारा वर्षं ती भोसरीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तुमच्यातल्या ज्यांनी त्या काळात नोकरी केली त्यांना फोन जोडायचा तो बोर्ड आठवत असेल. कारखान्याला फोन लावला की आधी एक बाई बोलायची, नाव विचारायची, "एक मिनिट धरा" म्हणायची आणि आत लाइन जोडून द्यायची. ती बाई म्हणजे आमची ताई. मग एके वर्षी कंपनीत नवं यंत्र आलं. फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. ताईला घरी पाठवलं. याबद्दल ती कधी रडगाणं गायली नाही. "माझ्या जागी आलेली बाई गुणी आहे हो," ती म्हणायची. "चहा मागत नाही, रजा मागत नाही, आणि आवाजही माझ्यापेक्षा गोड."

त्या नोकरीच्या सवयी मात्र तिने बरोबर आणल्या होत्या. समोर सफाईवाल्या मावशी असोत की वॉर्डातल्या सिस्टर, सगळ्यांना "आपण" म्हणायची. आणि आम्हा मुलींना आमच्या नावांनी हाक न मारता गावांनी मारायची. "सांगली, तुझी टोपी वाकडी आहे." "लातूर, मॅडम शोधतायत." मी अर्थातच भंडारा. पुण्याच्या मुलींना भंडारा म्हटलं की देवळातली पंगत आठवायची, त्यामुळे मला साडेतीन वर्षं जेवणावरून चिडवलं गेलं.

तिचं लग्न झालेलं होतं आणि मोडलेलंही होतं. कुणी त्याबद्दल विचारलं की दोनच शब्द सांगायची. "राँग नंबर." विचारणाऱ्याची पुढे विचारायची हिंमत व्हायची नाही.

नर्सिंगच का, असं मी तिला एकदा विचारलं. आम्ही गच्चीवर एप्रन वाळत घालत होतो. तिने विचार केला आणि म्हणाली, "बारा वर्षं नुसते आवाज ऐकले गं. कोण बोलतंय, काळा की गोरा, हसतोय की रडतोय, एक माणूस कधी दिसला नाही. आई आजारी होती तेव्हा तिच्याबरोबर दोन महिने हॉस्पिटलात राहिले. तिथे बसल्या बसल्या माणसं दिसायला लागली. वाटलं, उरलेली वर्षं हे बघावं."

मला उत्तर आवडलं. त्यातलं अर्धं तिने झाकून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

कळलं ते एका संध्याकाळी. सात वाजले होते, आम्ही खाटांवर बसून शरीररचनेचं पुस्तक वाचत होतो. मी मोठ्याने वाचायची आणि ती ऐकायची, असा आमचा परिपाठ. अचानक दिवे गेले. "लाइन गेली," मी म्हणाले. आमच्याकडे विजेला लाइन म्हणतात. ताई काहीच बोलली नाही. मी म्हटलं, पाठ असेल तेवढं म्हणून दाखवते, आणि मणक्यांची नावं घ्यायला लागले. ताई गप्प. मी तीनदा विचारलं, "ताई, ऐकताय ना?" शेवटी मी काडी ओढून मेणबत्ती लावली. ताई माझ्यासमोर ताठ बसलेली होती आणि तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती.

"तू बोलत होतीस का?" तिने विचारलं.

"हो. लाइन गेल्यापासून."

ती जरा हसली. "माझी पण गेली."

मग तिने सांगितलं. तांबट आळीत दिवसभर ठोकणं चालतं. तांब्याचे पत्रे, हंडे, बंब, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातोडी. तिच्या वडिलांना पन्नाशीत ऐकू येईनासं झालं, भावाला चाळिशीत, आणि तिला तिशी यायच्या आतच. ठोकण्यामुळे की रक्तातूनच, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यांच्या घरात माणसं एकमेकांच्या समोर येऊनच बोलतात, त्यामुळे ओठ वाचायला ती न शिकवता शिकली होती. बोर्डावर शेवटची दोन वर्षं तिने आवाजाचं बटण पार वर नेऊन काढली. सांगितलेलं पुन्हा म्हणायची सवय तिथलीच. "कंपनीने मला यंत्रासाठी काढलं ते बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर मीच पकडली जाणार होते."

"आणि इथली मेडिकल?"

"डॉक्टरांनी समोर बसवून नाव विचारलं, वय विचारलं. सांगितलं. कानात बॅटरी मारून बघितली. कान स्वच्छ आहेत म्हणून लिहून दिलं."

मी हसले. तीही हसली. मेणबत्तीच्या उजेडात माझ्या ओठांकडे बघत तिने विचारलं, "सांगशील का कुणाला?"

मी नाही म्हणाले. अठराव्या वर्षी माणूस अशा गोष्टीला लगेच नाही म्हणतो, आणि आपण काय कबूल केलं ते पुढे कळतं.

तिथपासून मी तिचे कान झाले. सकाळची घंटा झाली की तिची वेणी ओढायची. वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की माझी वही तिच्याकडे सरकवायची. मागून कुणी हाक मारली की तिच्या कोपराला बोट लावायचं. माझ्या बोलीची तिला पंचाईत व्हायची. मी "काऊन" म्हणायचे आणि ती म्हणायची, "गाऊन कशाला हवाय?" ओठांवर दोन्ही सारखंच दिसतं, तुम्ही आरशासमोर करून बघा. शेवटी मी तिच्यासाठी पुण्याचं "का" शिकले.

सहा महिने झाले, आम्हाला टोप्या मिळाल्या आणि वॉर्डात ड्यूटी लागली. वॉर्ड म्हणजे चोवीस खाटा, आणि सगळीकडून हाका. मी माझं काम करता करता तिच्या बाजूच्या हाकाही ऐकत असायचे. ताई कुणापेक्षाही जास्त काम करायची, चादरीला तिच्या हाताखाली सुरकुती राहायची नाही. पण ऐकायचं काम मी दोघींचं करत होते. संध्याकाळी माझं डोकं नुसतं भणभणायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

बायकांच्या मेडिकल वॉर्डात खांबाशेजारच्या खाटेवर नारायण पेठेतल्या एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पायांवर सूज, आणि जीभ अशी की डॉक्टरसुद्धा जपून बोलायचे. त्या दुपारी मी वॉर्डाच्या या टोकाला टेंपरेचरचे आकडे तक्त्यावर उतरवत बसले होते. ताई आजींच्या शेजारची खाट लावत होती, त्यांच्याकडे पाठ करून. आजींनी हाक मारली. "अगं ए, मला उतरायचंय."

मी ती हाक ऐकली. मान वर करून बघितलंही. आजींची आणि माझी नजरानजर झाली. ताई त्यांच्यापासून दोन हातांवर होती. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिला ऐकू येत नाही हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही. तसं नव्हतं. ध्यानात आलं होतं. पण मी सकाळपासून उभी होते, नुकती बसले होते, आणि मनात आलं की दर वेळी मीच काय म्हणून. मी मान खाली घातली आणि पुढचा आकडा लिहिला.

आजी आपल्या आपण उतरल्या आणि पडल्या. स्टुलाचा कोपरा कपाळाला लागला. रक्त बरंच आलं, पण हाड शाबूत होतं. तीन टाके पडले.

वॉर्डाच्या सिस्टर धावत आल्या, आजींना उचलून खाटेवर घेतलं, आणि मग ताईसमोर उभ्या राहिल्या.

"दोन हातांवर उभी होतीस. म्हातारी ओरडून सांगत होती. कान कुठे गेले होते तुझे?"

ताईच्या हातावर आजींचं रक्त होतं. तिने सिस्टरांकडे सरळ बघितलं.

"कान नाहीत, सिस्टर," ती म्हणाली. "म्हणजे आहेत, पण कामाचे नाहीत. मला ऐकू येत नाही."

सिस्टरांना वाटलं ही उलट बोलते आहे. मग त्यांना उमगलं की ती खरंच तेच सांगते आहे.

तासाभरात आम्ही दोघी मेट्रनच्या खोलीत. मेट्रन तीस वर्षं नोकरी झालेल्या, किरकोळ बांध्याच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. ट्यूटर बाई बाजूला उभ्या होत्या, रागाने लाल झालेल्या.

"फॉर्मवर हे का लिहिलं नाही?" मेट्रननी विचारलं.

"तसा रकाना नव्हता."

"रकाना नव्हता म्हणून सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर घेतलं नसतं."

मेट्रननी मान डोलावली. "खरं आहे. नसतं घेतलं." मग माझ्याकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणाले.

"आज हाक ऐकू आली होती तुला?"

मी नाही म्हणाले. ताई माझ्याच तोंडाकडे बघत होती.

ट्यूटर बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. पेशंटच्या जिवाशी खेळ नको, हिला घरी पाठवा. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मेट्रननी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "ऐकू न येणारी नर्स मी तीस वर्षांत पाहिली नाही. ऐकू येऊन न ऐकणाऱ्या मात्र पुष्कळ पाहिल्या." माझे कान गरम झाले. "हिची कानाची तपासणी करून घ्या, यंत्र लावू दे. पुढचे तीन महिने मी बघेन. रोज ड्यूटीवर आल्यावर प्रत्येक पेशंटला हिने आपण होऊन सांगायचं की मला कमी ऐकू येतं. आणि परीक्षेच्या आधी ब्लडप्रेशर अचूक घेऊन दाखवायचं. नाही जमलं तर घरी."

"मी पुन्हा म्हणते," ताईने सुरुवात केली आणि तिन्ही अटी जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. ट्यूटर बाईंच्या कपाळावरची आठी तेव्हा पहिल्यांदा थोडी सैल झाली.

खोलीबाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, "भंडारा, आता तू माझे कान व्हायचं नाही. आपापलं काम करायचं." मला वाटलं, यंत्र मिळणार म्हणून म्हणते आहे. मला सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं म्हणून वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा आजींच्याच खाटेशी गेली. कपाळाला पट्टी, डोळ्याखाली निळं झालेलं.

"आजी, मला ऐकू येत नाही. काल आपली हाक मला कळली नाही."

"कळलं ते मला," आजी म्हणाल्या. "काल अख्ख्या वॉर्डाला सांगितलंस की. आणि मला घाई नडली, त्यात तुझं काय." थोड्या वेळाने मेट्रन राउंडला आल्या तेव्हा आजींनी त्यांना थांबवलं. "त्या थोरल्या मुलीला काढाल तर बघा. इथे सगळ्या माझ्या कागदाकडे बघून बोलतात. ती एकटी माझ्याकडे बघून बोलते."

कानाचं यंत्र मिळालं, पण त्यातून नुसता गोंगाट वाढायचा, हाक कळायची नाही. ताईने मग आपली एक पद्धत बसवली. वॉर्डात आली की एकेका खाटेशी थांबून सांगायची, "मला हाक ऐकू येणार नाही. मी दर दहा मिनिटांनी आपल्याकडे येईन. तेवढ्यात काही लागलं तर हात वर करा." आणि खरोखर दर दहा मिनिटांनी ती यायची, घड्याळाच्या काट्यासारखी डावीकडून उजवीकडे. कुणाचं सलाइन संपत आलंय, कुणाचे ओठ कोरडे पडलेत, कुणाला सांगवत नाही पण लघवीला जायचंय, ते तिला तोंडावरून दिसायचं. महिन्याभरात असं झालं की तिच्या बाजूला कुणाला हाक मारायची वेळच यायची नाही. ट्यूटर बाई एकदा दाराशी अर्धा तास उभ्या राहून हे बघत होत्या. पुढच्या सोमवारपासून आम्हा सगळ्यांना दहा मिनिटांची फेरी लागली. सांगली आणि लातूर ताईवर आठवडाभर चिडून होत्या.

अडलं ते ब्लडप्रेशरपाशी. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची, सोडताना नळीतून ठोके ऐकायचे. ठोके सुरू झाले तो वरचा आकडा, थांबले तो खालचा. वरचा आकडा ताईला मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून कळायचा. खालचा बोटांना कळत नाही, तो ऐकावाच लागतो. कानामागचं यंत्र लावलं की स्टेथोस्कोप कानात बसायचा नाही, आणि यंत्र काढलं की स्टेथोस्कोपमधून काही ऐकू यायचं नाही. ट्यूटर बाई, ज्या तिला घरी पाठवा म्हणाल्या होत्या, त्याच रोज दुपारचं जेवण आटपून तिला घेऊन बसायच्या. पंधरा दिवस गेले. खालचा आकडा यायचा नाही. ताई पहिल्यांदाच गप्प गप्प राहायला लागली. एका रविवारी घरी जाऊन आली तेव्हा तिने आपली पेटी आवरायला घेतली होती.

तिच्या भावाचा मुलगा हिंजवडीला नव्याच निघालेल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता. त्या दिवसांत पुण्यातल्या दर चार घरांतलं एक पोरगं अमेरिकेला निघालेलं असायचं. हाही सहा महिन्यांसाठी गेला होता. आत्याचं रडकुंडीला आलेलं पत्र त्याला तिकडे मिळालं. त्याने तिथे दुकानं हिंडून आवाज मोठा करणारा, बॅटरीवर चालणारा एक स्टेथोस्कोप शोधला आणि पुण्याला परतणाऱ्या मित्राबरोबर पाठवला. आमच्या हॉस्पिटलात तसली वस्तू कुणी पाहिली नव्हती.

डबा उघडला तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. ताईने तो कानात घातला, बटण फिरवलं आणि दुसरं टोक माझ्या छातीला लावलं. बराच वेळ ती हलली नाही. तिचे डोळे मिटलेले होते, आणि ती माणसांसमोर डोळे कधीच मिटायची नाही, तिला ते परवडायचं नाही. मग म्हणाली, "भंडारा, तुझी लाइन अगदी क्लिअर आहे गं." आणि तोंडाला पदर लावून रडली. मीही रडले. माझं कारण थोडं वेगळं होतं, पण ते सांगायचा धीर मला झाला नाही.

चार दिवसांनी मेट्रननी आपला दंड पुढे केला. ताईने आकडे सांगितले. मग ट्यूटर बाईंनी मेट्रनचंच प्रेशर साध्या स्टेथोस्कोपने घेतलं. तेच आकडे आले. "बरं," मेट्रन म्हणाल्या, आणि बाही खाली करून कामाला लागल्या.

पुढची वर्षं सुखाची गेली. आमच्याकडे एक मोठे डॉक्टर यायचे, झुपकेदार मिशांचे. "सरांच्या मिशीमागे काय चाललंय ते मला दिसत नाही," ताई म्हणायची. एकदा राउंडवर सर एका बाईंचं इन्सुलिन किती द्यायचं ते चालता चालता पुटपुटले. ताई त्यांच्यासमोर आडवी आली. "मी पुन्हा म्हणते, सर. सात युनिट, की सहावर शून्य साठ? ओठांवर दोन्ही सारखंच दिसतं." सर वैतागले. "साठ कोण देईल? सात." तेवढ्यात शेजारच्या सिस्टरांनी आपल्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि गुपचूप साठ खोडून सात लिहिलं. त्यांचे कान शाबूत होते. देताना ते कुणाच्या तरी लक्षात आलंच असतं, पण सरांनी ते खोडणं पाहिलं. त्या दिवसापासून सर आकडा सांगताना ताईकडे तोंड करायचे आणि बोटंही दाखवायचे. मिशी मात्र कापली नाही.

आम्ही दोघी पास झालो. ताईला वर्गात तिसरा नंबर मिळाला. मी त्याच हॉस्पिटलात नोकरीला राहिले. ताई डायलिसिसच्या विभागात गेली. तिथे तेच पेशंट आठवड्यातून दोनदा-तीनदा यायचे, चार-चार तास पडून असायचे, आणि यंत्राची धोक्याची सूचना नुसती वाजायची नाही, तिचा लाल दिवाही लागायचा. तिथली माणसं तिला घरातली झाली. मग मोबाइल आले आणि त्यावर लिहून निरोप पाठवायची सोय आली. ताई पुन्हा फोनवर आली. तिच्या पेशंटना सकाळी तिचे निरोप जायचे. पाणी बेताने प्या. मीठ नको. उद्या आठ वाजता या. मलाही यायचे, आणि शेवटी कायम असायचं, "मिळालं का कळवा."

मी पुणं सोडल्यावरही ते निरोप कित्येक वर्षं येत राहिले. नंतर एकदा तिच्या नंबरावरून तिच्या भाच्याचा निरोप आला. आत्या गेली, झोपेतच गेली, आदल्या दिवसापर्यंत कामावर होती, असं त्याने लिहिलं होतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते मी पुणं सोडलं त्या दिवशी. माझं लग्न नागपूरला ठरलं होतं. दुपारी चारची ट्रॅव्हल्सची गाडी. ताई पोचवायला आली होती, भावाने घडवलेला एक तांब्या घेऊन, ज्याच्या काठावर बारीक ठोक्यांनी "भंडारा" असं उमटवलेलं होतं. आम्ही रस्त्यावर उभ्या राहून काहीबाही बोललो. मी आत जाऊन खिडकीशी बसले. नवीन एसी गाडी होती, तिच्या काचा उघडायच्या नव्हत्या. बाकीचे प्रवासी आपापल्या माणसांना हातवारे करत होते आणि कुणाला काही कळत नव्हतं. ताई काचेशी येऊन उभी राहिली आणि माझ्या ओठांकडे बघायला लागली. तिला काचेचं काय.

मी आवाज न करता, नुसते ओठ हलवून बोलले. "आजी पडल्या त्या दिवशी मी हाक ऐकली होती."

तिचा चेहरा बदलला नाही. तिच्याबरोबर राहून मलाही थोडंफार ओठ वाचायला यायला लागलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे. मेट्रनसमोर नाही म्हणालीस तेव्हाच ओठांवर दिसलं, आणि आजींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तू त्यांच्याकडे बघितलंस म्हणाल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? दमली होतीस."

शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मला विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी मान हलवली. गाडी सुरू झाली. ताई रस्त्याच्या कडेवरून दोन पावलं पुढे आली. तिच्या मागे एक रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तो शेवटी तिला वळसा घालून, मान बाहेर काढून काहीतरी बोलून गेला. तिला त्यातलं काही कळलं नाही. मी आणखी काही बोलते आहे का ते बघत ती माझ्या काचेकडे तोंड करून तशीच उभी होती.